शिंदी : एक शीतसहिष्णु ताल आणि तिच्या फळाचा प्रश्न
(मुरबाड-शहापूर परिसराच्या संदर्भात)

ताल कुलातील बहुसंख्य वृक्ष उष्ण कटिबंधातील आहेत. त्यामुळे ज्या प्रदेशांत हिवाळ्यात दहिवर गोठते, तेथील उद्यानप्रेमींना थंडीत तग धरणाऱ्या तालवृक्षांचे विशेष आकर्षण वाटत आले आहे. रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४९ मध्ये चीनमधून ब्रिटनला पाठविलेला ट्रॅकिकार्पस, ज्याच्या फळांची जेली करतात तो दक्षिण अमेरिकेतील ब्यूटिया, आणि कुमाऊँच्या बर्फ पडणाऱ्या डोंगरावर वाढणारा व बेक्कारी याने १९०५ मध्ये वर्णिलेला ट्रॅकिकार्पस टाकिल ही त्यांपैकी काही प्रसिद्ध नावे होत. याच यादीत फीनिक्स सिल्व्हेस्ट्रिस या जातीचाही समावेश होतो. शून्याखाली काही अंशांपर्यंतची थंडी ती अल्पकाळ सोसू शकते. ही जाती म्हणजे महाराष्ट्रातील शेताच्या बांधावर व ओहोळाच्या काठी दिसणारी शिंदी होय.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी पसरलेले आहेत. येथील हिवाळ्यातील रात्री किनाऱ्यावरील रात्रींपेक्षा बऱ्याच थंड असतात. तथापि दहिवर गोठण्याइतके तापमान येथे उतरत नाही. म्हणून तालवृक्षाच्या निवडीत थंडी हा येथे निर्णायक घटक ठरत नाही. निर्णायक घटक दोन आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस कोसळतो, आणि त्यानंतरचे सात-आठ महिने जमीन उत्तरोत्तर कोरडी होत जाते. ज्या वृक्षाची मुळे पावसाळ्यात साचलेले पाणी आणि वैशाखातील कोरड ही दोन्ही सोसतील, व ज्याचे फळ पावसाने नासण्यापूर्वी हाती येईल, तोच येथील परसात उपयोगी पडेल.

या कसोटीवर निरनिराळ्या तालवृक्षांची तुलना उद्बोधक ठरते. ट्रॅकिकार्पस हा थंड डोंगराळ हवेचा वृक्ष असल्याने कोकणच्या दमट उष्म्यात तो चांगला वाढत नाही. अरबी खजुरास फळ पिकण्याच्या काळात दीर्घ, उष्ण व निर्जल हवा लागते. कच्छमध्येसुद्धा फळ पूर्ण पिकण्यापूर्वीच, खारकेच्या अवस्थेत, पाऊस सुरू होण्याच्या सुमारास उतरवावे लागते. मुरबाडच्या मुसळधार पावसात त्याची आशा त्याहूनही कमी. ताड येथे वाढतो व त्याचे ताडगोळे सर्वपरिचित आहेत. परंतु त्याला फळ धरण्यास बारा ते वीस वर्षे लागतात, आणि बीजाचा अंकुर प्रथम जमिनीत खोल उतरत असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावणे कठीण जाते. सह्याद्रीच्या ओलसर घळींत आढळणारा भेरली माड दिसावयास देखणा खरा. पण त्याच्या फळात कॅल्शियम ऑक्झलेटाचे सुईसारखे स्फटिक असल्याने ते हाताला लागताच खाज सुटते, आणि वरून खाली क्रमाने फुलून संपल्यावर तो वृक्षही मरतो. राहता राहिली ती शिंदी.

शिंदीचा शास्त्रीय इतिहास जुना आहे. हॉर्टस मलबारिकस या सतराव्या शतकातील ग्रंथात ऱ्हीडे याने 'कटु-इंदेल' या नावाने तिचे वर्णन केले. त्यावरून लिनीअसने तिला एलाटे वंशात घातले, आणि पुढे रॉक्सबर्गने तिचा खजुराच्या फीनिक्स वंशात समावेश केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी भारतीय तालवृक्षांवरील आपल्या लेखमालेत व १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले आहे. खोड एकेरी व गळलेल्या पानांच्या देठांच्या खुंटांनी वेढलेले, पाने पिसासारखी व करड्या-हिरव्या रंगाची, तळाच्या पर्णिकांचे तीक्ष्ण काट्यांत झालेले रूपांतर, आणि एका बाजूस खोल खाच असलेले बी ही तिची ठळक लक्षणे होत. खजुराच्या बुंध्याशी फुटवे येतात. शिंदीस ते सहसा येत नाहीत. हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु प्रस्तुत प्रश्नाचे मूळ त्यातच आहे.

शिंदी विभक्तलिंगी आहे, म्हणजे नरपुष्पे व स्त्रीपुष्पे भिन्न वृक्षांवर येतात. फळ केवळ मादीवृक्षास येते, आणि बीपासून झालेल्या रोपांत नर व मादी यांचे प्रमाण सामान्यतः निम्मे-निम्मे असते. फूल येईपर्यंत रोपाचे लिंग बाह्य लक्षणांवरून ओळखता येत नाही. खजुराच्या बागाईतदारास ही अडचण पडत नाही, कारण तो उत्तम मादीवृक्षाचे फुटवे काढून त्याच वृक्षाची पुनरावृत्ती करतो. खजुराचे नामांकित वाण अशाच रीतीने शतकानुशतके टिकले आहेत. शिंदीच्या बाबतीत ही वाट जवळजवळ बंद आहे. तिचे प्रत्येक झाड बीपासून झालेले, म्हणून दुसऱ्या प्रत्येक झाडाहून भिन्न असते. एखाद्या बांधावरील मादीस भरपूर गराचे, गोड व कमी तुरट फळ येत असेल, तर ते गुण त्या एका झाडापुरतेच असतात. ते झाड तुटले की तो गुणसमुच्चय कायमचा नाहीसा होतो.

अशी झाडे पूर्वी निवडून का जपली गेली नाहीत, याचे उत्तर भाषेतच मिळते. मराठीत 'शिंदी' हा शब्द वृक्षाचा वाचक आहे, तसाच त्याच्या रसापासून होणाऱ्या मादक पेयाचाही. वृक्षाचे मोल रसावरून ठरत असे, फळावरून नव्हे. ताड व माड यांचा रस फुलोऱ्यास छेद देऊन काढतात. शिंदीचा रस मात्र शेंड्याखालील कोवळ्या खोडास छेद देऊन काढला जातो. एका हंगामात एका बाजूस व पुढच्या हंगामात विरुद्ध बाजूस छेद दिल्यामुळे खोडावर नागमोडी खाचांची मालिका तयार होते. त्या खाचा मोजल्या असता झाड किती हंगाम छेदले गेले याचा अंदाज करता येतो. जुन्या शिंदीचे खोड म्हणजे एका अर्थी तिच्या उपयोगाची नोंदवहीच होय. वारंवार छेदलेल्या झाडाची शक्ती रसात खर्च होते व फळधारणा खालावते. त्यामुळे रस आणि फळ ही दोन उद्दिष्टे एकाच झाडावर पूर्णपणे साधत नाहीत.

या उपयोगावर शासनाचे नियंत्रण क्रमाने वाढत गेले. मुंबई इलाख्यातील १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी काढणे परवाना व कर यांच्या कक्षेत आणले, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने परवान्यावाचून अशा झाडास छेद देणे निषिद्ध ठरविले. रसाच्या गुळाचा व नीरेचा पुरस्कार खादी-ग्रामोद्योगाच्या चळवळीने केला, तरी बंगालमध्ये शिंदीच्या हिवाळी गुळास जे स्थान आहे ते येथे लाभले नाही. रसात सुमारे १० ते १२ टक्के साखर असते व उष्ण हवेत ती झपाट्याने आंबते. बंगालमधील गुळाचा हंगाम थंडीचा असतो, त्याचे एक कारण हेच. रसाचा उपयोग आटल्यावर शिंदीकडे केरसुणीसाठी पाने देणारे झाड एवढ्याच दृष्टीने पाहिले जाऊ लागले. दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजल्या जाणाऱ्या केरसुणीचे हे मूळ अनेक नागर कुटुंबांना ठाऊकही नसते.

फळाच्या दृष्टीने शिंदीची मुख्य उणीव म्हणजे पातळ गर व मोठी बी. दुसरी, पूर्ण पिकेपर्यंत टिकणारा तुरटपणा. फुलोरा हिवाळ्याच्या अखेरीस येतो आणि फळे उन्हाळ्याच्या शेवटी व पावसाच्या तोंडावर नारिंगी-पिवळी होऊन पुढे तांबूस-तपकिरी होतात. म्हणजे आठ-पंधरा दिवस लवकर पिकणारी मादी व उशिरा पिकणारी मादी यांच्या उपयुक्ततेत फार मोठे अंतर पडते. पहिलीचे फळ घरात येते, दुसरीचे पावसात कुजते. येथे संशोधनास वाव देणारी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. खजुरात परागाचा प्रभाव केवळ बीजावर नव्हे, तर मातृवृक्षाच्या गरावर, फळाच्या आकारावर व पिकण्याच्या काळावरही पडतो, असे स्विंगल याने १९२८ मध्ये दाखविले व त्यास 'मेटाझेनिया' ही संज्ञा दिली. निरनिराळ्या नरवृक्षांचे पराग एकाच शिंदीच्या निरनिराळ्या घोसांवर घालून पिकण्याच्या तारखा नोंदविणे हा अल्प खर्चाचा, पदव्युत्तर विद्यार्थ्यास सहज करता येण्याजोगा प्रयोग आहे.

घरगुती लागवडीची पद्धती या सर्व विवेचनातून आपोआप निष्पन्न होते. उत्तम फळ देणाऱ्या मादीचे पूर्ण पिकलेले फळ निवडून गर काढावा, बी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवावे आणि पावसाच्या आरंभी खोल पिशवीत किंवा शक्यतो कायमच्या जागीच पेरावे. उगवण दोन-तीन महिन्यांत होते. एकच रोप लावणे म्हणजे नाणेफेक करण्यासारखे आहे. नर-मादीचे प्रमाण समान धरल्यास चार रोपांत किमान एक नर व एक मादी असण्याचा संभव ८ पैकी ७ इतका, तर सहा रोपांत तो सुमारे ९७ टक्के असतो. म्हणून चार ते सहा रोपे बांधाच्या कडेने पुरेशा अंतरावर लावावीत व फूल आल्यावर जादा नर काढून टाकावेत. पाच-सहा वर्षांपूर्वी फुलाची अपेक्षा करू नये. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. पुढे झाड स्वतःचा निर्वाह करते. काट्यांमुळे ते जाण्यायेण्याच्या वाटेपासून व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावे. गेंडा भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो, म्हणून खड्डा झाडापासून दूर ठेवावा. कुजलेली खोडे जवळ राहू देऊ नयेत. नराचा फुलोरा उमलताच त्याची एखादी डहाळी मादीच्या नुकत्याच उमललेल्या फुलोऱ्यात बांधल्यास फळधारणा वाऱ्यावर अवलंबून राहत नाही.

लिंगनिश्चितीच्या बाबतीत अलीकडील ज्ञान आशादायक आहे. संपूर्ण फीनिक्स वंशाच्या जनुकसंचांची तुलना करणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ नरवृक्षांत आढळणारे काही जनुक निश्चित करण्यात आले. अशा खुणांच्या आधारे कोवळ्या रोपाच्या पानाच्या तुकड्यावरून त्याचे लिंग सांगता येणे तत्त्वतः शक्य झाले आहे. ही परीक्षा रोपवाटिकेपर्यंत पोहोचल्यास वर सांगितलेली नाणेफेक संपुष्टात येईल.

फळाच्या उपयोगात पाऊस व तुरटपणा या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे : फळे पिवळी होऊन काही पिकू लागताच संपूर्ण घोस उतरवावा व पेंढ्याच्या अढीत घालावा. पिकताना टॅनिन अविद्राव्य होते व तुरटपणा जिभेस जाणवेनासा होतो. पिकलेली फळे तशीच खावीत. उरलेली थोड्या पाण्यात शिजवून चाळणीवर घासावीत, म्हणजे बी व साल मागे राहून गर मिळतो. हा गर गोड असला तरी आंबट नसतो, आणि जेली अथवा मुरंबा घट्ट होण्यास पेक्टिन, साखर व आम्ल या तिहींची आवश्यकता असते. ती उणीव त्याच दिवसांत येथील रानात मिळणाऱ्या करवंदांनी भरून निघते. निम्मा गर शिंदीचा व निम्मा अर्धकच्च्या करवंदांचा घेऊन गूळ किंवा साखर घालून आटविल्यास ब्यूटियाच्या जेलीचे काम परसातील झाड व शेजारचे रान मिळून करतात.

या विषयास आज निकड प्राप्त झाली आहे. समृद्धी महामार्गाचा शहापूर तालुक्यातून जाणारा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कल्याण-मुरबाड मार्गावरही शेतजमिनीची जागा शेतघरे व भूखंड घेत आहेत. शेताचे सपाटीकरण होते तेव्हा प्रथम बांध जातो, आणि बांधाबरोबर त्यावरची शिंदी. त्याच जागी पुढे शोभेसाठी परदेशी ताल विकत आणून लावले जातात. अमेरिकेतील फ्लॉरिडात मात्र 'सिल्व्हेस्टर पाम' या नावाने शिंदीच रस्त्यांच्या व घरांच्या शोभेसाठी लावली जाते.

कोणत्या बांधावरील कोणत्या झाडाची फळे गोड व कोणत्याची तुरट, हे ज्ञान आज गुरे राखणाऱ्या मुलांपाशी व ठाकूर-कातकरी पाड्यांतील वृद्धांपाशी आहे; ते लिखित नाही. मुरबाड व शहापूर येथील मादीवृक्षांची गावोगाव पाहणी करून फळाचे वजन, गराचे प्रमाण, गोडी व पिकण्याची तारीख यांची नोंद करणे, आणि निवडक झाडांचे बी व शक्य तेथे ऊतिसंवर्धनाने त्यांची रोपे राखणे, हे काम एखाद्या विभागाच्या आवाक्यातले आहे. फुटवे न देणाऱ्या वृक्षाच्या बाबतीत विलंबाची भरपाई पुढे करता येत नाही. ज्या मादीची नोंद झाली नाही आणि जी तुटली, तिचे फळ पुन्हा कोणास चाखता येणार नाही.