सोंडेपुढचं कोडं

ईस्टरनंतरच्या सोमवारी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात गर्दी लोटते, ती गेल्या शंभराहून अधिक वर्षांची रीत आहे. व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर १८७८ पासून मुलं रंगीत अंडी घरंगळवत आली, पण शहरातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना तिथे दीर्घकाळ मोकळेपणाने जाता येत नव्हतं. शिवाय त्यांच्यापैकी अनेकांना ईस्टरच्या रविवारी इतरांच्या घरी राबावं लागे. मग सोमवारी डबे बांधून ती रॉक क्रीकच्या काठी, तिकीट नसलेल्या या प्राणिसंग्रहालयात येऊ लागली. आजही आजी-नातवंडं एकत्र येतात, गाणीबजावणी होते, लपवलेली अंडी शोधायला मुलं धावतात.

मुलांचा हा शोधाशोधीचा खेळ वर्षातून एकदाच होतो. कुंपणापलीकडे तो वर्षभर चालू असतो. प्राण्यांची देखभाल करणारे कर्मचारी खाऊ गवतात पुरतात, पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबतात, बर्फाच्या लादीत गोठवतात, उंच टांगतात. या सगळ्याला ‘एन्रिचमेंट’ म्हणतात. पाहणाऱ्याला ती करमणूक वाटते, पण प्राण्यासाठी ती अन्नाइतकीच गरजेची आहे, असं मला ठामपणे वाटतं.

जंगलातल्या प्राण्याचा बराचसा दिवस पोटामागे जातो. हुंगायचं, उकरायचं, दबा धरायचा, चुकायचं, पुन्हा शोधायचं. पिंजऱ्यात भरलेलं ताट समोर आलं की भूक भागते, पण हे सगळं करण्याची ओढ तशीच राहते. मग वाघ-अस्वलं एकाच वाटेवरून तासन्‌तास येरझारा घालू लागतात. ऑक्सफर्डमधल्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की, निसर्गात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर जास्त दूरवर असतो, तेच बंदिवासात जास्त येरझारा घालतात. ध्रुवीय अस्वलाला मिळणारी जागा त्याच्या नैसर्गिक मुलखाच्या जेमतेम दहा लाखावा हिस्सा भरते.

कष्टाचं खाणं प्राण्यांना खरोखरच आवडतं का? संशोधक ग्लेन जेन्सन यांनी १९६३ मध्ये उंदरांपुढे वाटीत फुकटचं अन्न ठेवलं आणि शेजारी दांडी दाबली की दाणा पडेल अशी सोयही केली. वाटी भरलेली असतानाही उंदीर दांडी दाबून खात राहिले. पुढे कितीतरी प्राण्यांमध्ये हेच दिसलं. घरातलं मांजर मात्र याला अपवाद. कॅलिफोर्नियातल्या २०२१ च्या एका अभ्यासात मांजरांनी कोड्याच्या खेळण्यापेक्षा सरळ बशीच पसंत केली.

वॉशिंग्टनच्याच कंडुला या सात वर्षांच्या हत्तीची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. फळं खोचलेली फांदी त्याच्या सोंडेला पोहोचणार नाही इतक्या उंचीवर तारेला टांगली होती. खाली काठ्या ठेवल्या होत्या. काठीने फांदी पाडेल, अशी संशोधकांची अपेक्षा होती, पण कंडुलाने काठी त्यासाठी वापरलीच नाही. कारण सोंड म्हणजे नुसता हात नव्हे. हत्ती तिनेच हुंगतो आणि चाचपतो. तिच्यात काठी धरली, तर फळाचा माग लागायचा कशाने? मग आवारात प्लॅस्टिकचा मोठा ठोकळा ठेवला. काही सत्रं अशीच गेली आणि एक दिवस, आधी कसलीही चाचपडत खटपट न करता, कंडुलाने ठोकळा ढकलत फांदीखाली आणला, पुढचे पाय त्यावर रोवले आणि सोंड वर नेली. पुढे ठोकळा दुसरीकडे ठेवला, तर तो तिथून आणला. ठोकळा काढून घेतला, तर दुसऱ्या वस्तूंवर चढून पाहिलं. लहान वस्तू दिल्या, तर त्या एकीवर एक रचण्याचा प्रयत्न केला. हत्तींना साधनं वापरण्याची फारशी अक्कल नाही, असं आधीच्या काही प्रयोगांवरून वाटलं होतं. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि चूक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत होती, हे कळलं.  

मार्जारकुळाला शोधाला लावतो तो वास. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात चित्त्यांपुढे निरनिराळी अत्तरं शिंपडून पाहिली, तेव्हा ‘ऑब्सेशन फॉर मेन’पाशी ते सर्वाधिक रेंगाळले. तेच अत्तर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या रानात टी-१ म्हणजे अवनी या नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीला आकर्षित करण्यासाठी आणलं गेलं. प्राणिसंग्रहालयातलं निरीक्षण किती लांबवर पोहोचतं, ते इथे दिसतं. दुर्दैवाने नोव्हेंबरमध्ये तिला गोळी घालण्यात आली.

ईस्टरच्या सुमारास मेरीलँड-व्हर्जिनियातल्या मराठी कुटुंबांनी मुलांना वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात न्यायचं ठरवलं, तर माझं एक सांगणं आहे. सगळे पिंजरे उरकण्याचा हट्ट नको. सकाळी लवकर जावं आणि हत्तींच्या किंवा अस्वलांच्या आवारापाशी निवांत थांबावं. कर्मचारी भेटला, तर आज काय लपवलंय, कालच्यापेक्षा काय बदललं, हे मुलांनाच विचारू द्यावं. रोज तेच कोडं दिलं तर प्राणी कंटाळतात, म्हणून वस्तू, वास आणि जागा सतत बदलाव्या लागतात.