बेटावरील अंधार व विजेचा वांटा

शहरांत वीज गेली म्हणजे आपण प्रथम खिडकींतून शेजारच्या घराकडे पाहतों. तेथेंहि काळोख दिसला कीं मनाला थोडें समाधान वाटतें. दोष आपल्या घरचा नव्हे, आणि तो दुरुस्त करणारें कोणीतरी कोठेंतरी आहेच, अशी आपली खात्री असते. वीज किती येते, ती कोठून येते आणि ती आणण्यास कोणाचे हात राबतात, याचा विचार आपणांस सहसा करावा लागत नाहीं. ज्यांना तो रोज करावा लागतो, अशा एका चिमुकल्या बेटाची हकीकत वाचकांस उद्बोधक वाटेल.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे एग नांवाचें हें बेट आहे. त्याची लांबी सुमारें ९ किलोमीटर, रुंदी ५ किलोमीटर व वस्ती शंभराच्या आसपास. मॅलेग बंदरांतून बोटीनें तेथें जावें लागतें, आणि समुद्र खवळला कीं ती वाटहि बंद होते. पिढ्यान्‌पिढ्या हें बेट कोणा ना कोणा जमीनदाराच्या मालकीचें असे. १२ जून १९९७ रोजीं रहिवासी व त्यांचे साहाय्यक यांच्या विश्वस्त संस्थेनें लोकांच्या देणग्यांतून तें विकत घेतलें.

मालकी आली, तरी वीज आली नव्हती. समुद्राखालून तार आणणें खर्चाच्या दृष्टीनें आवाक्याबाहेरचें होतें. घरोघरीं डिझेलचीं लहान इंजिनें धडधडत असत, आणि त्यांचें तेलहि बोटीनेंच यावयाचें. अखेर रहिवाशांनीं स्वतःचीच वीज निर्माण करावयाचें ठरविलें आणि १ फेब्रुवारी २००८ पासून बेटाची सामाईक वीज सुरू झाली. डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यांच्या पाण्यावर चालणारीं तीन यंत्रें, चार पवनचक्क्या, सूर्यप्रकाशापासून वीज करणारे फलक, सांठवणीसाठीं बॅटऱ्या आणि अडीअडचणीस डिझेलचें इंजिन, असा हा सर्व संसार आहे. बेटाला लागणारी बहुतेक वीज पाणी, वारा व ऊन यांपासूनच मिळते.

परंतु खरी गंमत यंत्रांत नसून नियमांत आहे. प्रत्येक घराला एका वेळीं ५ किलोवॅटांपर्यंतच वीज घेतां येते. दुकान किंवा व्यवसाय असल्यास १० किलोवॅट. त्यापुढें गेलें कीं त्या घराची वीज आपोआप तुटते.

बेटावर उतरलेल्या पाहुण्यास हा नियम बहुधा स्वयंपाकघरांत कळतो. डिसेंबरांत तेथें दुपारीं चारच्या आधींच सूर्य मावळतो. चहाचें आधण ठेवलें आहे, कपडे धुण्याचें यंत्र फिरत आहे, आणि थंडी वाजते म्हणून कोणी विजेची शेगडीहि लावली, कीं क्षणांत सर्व घर अंधारांत बुडतें. पाहुणा खिडकीशीं जातो, तों शेजारच्या घरांत दिवे शांतपणें जळत असतात! अंधार झाला आहे तो केवळ आपल्या घरांत, आणि आपल्याच हातानें. वीज पुन्हां सुरू करण्यास बेटावरीलच कोणा माणसाला बोलवावें लागतें व त्याबद्दल शुल्क द्यावें लागतें. शुल्कापेक्षां त्याला तसदी दिल्याचा संकोचच अधिक वाटत असावा.

हा नियम जाचक वाटतो खरा. परंतु सर्वांची सांठवण एकच असल्यामुळें एकानें हात सैल सोडला कीं तूट दुसऱ्याच्या घरीं येते. पाऊस लांबला, ओढे आटले, वाराहि पडला, तर वीज जपून वापरावी अशी सूचना सर्वांना मिळते. उलट, वादळवाऱ्याच्या दिवसांत जी वीज उरते, ती गांवच्या सभागृहासारख्या सार्वजनिक जागा उबदार ठेवण्याच्या कामीं येते.

मुंबईजवळच्या घारापुरीचा मार्ग निराळा होता. तेथें वर्षानुवर्षें जनित्रावर संध्याकाळचे कांहीं तासच दिवे लागत. फेब्रुवारी २०१८ मध्यें समुद्रतळाखालील तारेनें वीज आली. तेथें किनारा जवळ होता. एगला स्वतःच्याच संयमाचा आधार घ्यावा लागला.

वाचकांनीं आपल्या घरची सकाळ एकदां या मापानें मोजून पाहावी. गीझर २ किलोवॅट, इंडक्शनची शेगडी २, इस्त्री १, येथेंच पांच पुरे झाले. मिक्सर लावला कीं अंधार! मग आधीं कोणाचें स्नान व आधीं कोणाची इस्त्री, हें घरांत एकमेकांस विचारावें लागेल.

एकत्र कुटुंबाला ही रीत नवी नाहीं. एका आडाचें पाणी आणि एका पातेल्यांतलें दूध सर्वांना पुरविण्याचें शास्त्र आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें. फरक इतकाच कीं, एगच्या वांटणींत घर थोराचें कीं लहानाचें हें पाहिलें जात नाहीं. मर्यादा सर्वांना सारखीच. आपल्या पातेल्यांतून मात्र आधीं कर्त्या पुरुषांना, मग मुलांना वाढलें जाई. वाढणारीच्या वाट्यास शेवटीं काय उरे, तें घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनाच विचारावें.