जुनी टीव्ही ट्यूनर कार्डे आणि बोलींच्या चित्रफिती

१. प्रश्नाचे स्वरूप

बोईसर व तारापूर औद्योगिक वसाहतीस लागून असलेले सरावली आणि त्याच्या आसपासचा टापू बोलींच्या अभ्यासकास नवा नाही. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात उत्तर कोकणातील वाडवळ, कोळी व वारली बोलींचे नमुने आहेत. त्यानंतर १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, कारखाने आले, परप्रांतीय कामगारांची वस्ती वाढली आणि बोलींचा परिसर बदलत गेला. हा बदल घडत असतानाचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. १९८०-९० च्या दशकांत लग्नसमारंभाचे व्हीएचएस फितीवर चित्रीकरण करण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. मंगलाष्टके, रुसवेफुगवे, वडीलधाऱ्यांचे बोलणे आणि वारली विवाहात धवलेरी जी गीते गाते ती, यांपैकी जे जे अशा फितींवर उतरले, ते आज भाषिक सामग्री होय. परंतु सागरकिनाऱ्याच्या दमट हवेत फितींवर बुरशी धरते, आणि व्हीसीआर तयार करणाऱ्या अखेरच्या कंपनीने आपले उत्पादन २०१६ मध्ये थांबविले. यास्तव या फितींचे अंकीय रूपांतर लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही.

२. ट्यूनर कार्डाचे कार्य

या कामी महागडी साधनेच हवीत असे नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संगणकावर दूरदर्शन पाहण्याकरिता विकली गेलेली कार्डे पुष्कळांच्या माळ्यावर पडून आहेत. त्यांचे दोन भाग असतात. पहिला भाग, म्हणजे ट्यूनर, अँटेनाकडून येणाऱ्या संकेतांतून एक वाहिनी निवडतो. दुसरा भाग, म्हणजे बीटी ८७८ सारखी चिप, निवडलेल्या चित्राचे अंकांत रूपांतर करतो. केबलचे अंकीकरण मुंबईत २०१२ मध्ये झाले व ग्रामीण भागासाठी २०१७ ची मुदत होती. दूरदर्शनचे भूतलीय अॅनालॉग प्रक्षेपणही २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले. त्यामुळे पहिल्या भागास आता निवडावयास काही उरलेले नाही. दुसऱ्या भागाची उपयुक्तता मात्र कायम आहे. व्हीसीआरची चित्रतार कार्डाच्या थेट चित्रप्रवेशास जोडली म्हणजे ट्यूनरची गरजच उरत नाही.

३. नव्या संगणकातील अडचणी

पहिली अडचण खाचेची. ही कार्डे पीसीआय खाचेत बसतात; नव्या संगणकांत बहुधा केवळ पीसीआय एक्सप्रेस खाचा असतात. दोहोंमध्ये सेतूचे काम करणारी चिप बसविलेला जोडपट्टा बाजारात मिळतो व तो पुरेसा ठरतो. पाल पद्धतीचे ७२० × ५७६ बिंदूंचे चित्र, दर बिंदूस २ बाइट व सेकंदास २५ चौकटी, या हिशोबाने प्रवाह सेकंदास सुमारे २ कोटी ७ लक्ष बाइटांचा होतो. पीसीआयची कमाल क्षमता १३ कोटी ३० लक्ष आहे.

दुसरी अडचण ड्रायव्हरची. ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट ड्रायव्हर चालत नाहीत, आणि जुन्या उत्पादकांपैकी अनेकांनी नवे लिहिले नाहीत. लिनक्समध्ये या चिपकरिता असलेला बीटीटीव्ही ड्रायव्हर मात्र टिकून आहे. २०२३ मध्ये तो नव्या स्मृतिव्यवस्थेस जुळवूनही घेण्यात आला.

तिसरी अडचण ओळखीची, आणि तीच खरी सूक्ष्म आहे. संगणकास चिप ओळखता येते, परंतु त्या चिपभोवती कार्ड कसे जोडले आहे हे कळतेच असे नाही. अनेक स्वस्त कार्डांवर स्वतःची ओळख सांगणारी स्मृतिचिपच नसते. अशा वेळी ड्रायव्हरला कार्डाचा व ट्यूनरचा क्रमांक हाताने पुरवावा लागतो. क्रमांक चुकला तरी थेट प्रवेशावरील चित्र पुष्कळदा येते. ध्वनी मात्र येत नाही, कारण ध्वनीचा मार्ग निवडणारी जोडणी कार्डागणिक निराळी असते. चित्र पाहून समाधान मानणाऱ्यास ही चूक लक्षात येण्यास विलंब लागतो.

४. ध्वनीविषयी दक्षता

भाषाभ्यासकास ध्वनी प्रधान आहे. म्हणून तो कार्डातून न घेता व्हीसीआरच्या ध्वनिनिर्गमातून थेट संगणकाच्या ध्वनिप्रवेशात घ्यावा, व ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट या प्रमाणाने असंकोचित स्वरूपात साठवावा. ‘चार’मधील तालव्य च आणि ‘चाक’मधील दंतमूलीय च यांतील भेद मुख्यतः उच्च कंप्रतेच्या घर्षणध्वनीवर अवलंबून असतो. फितीच्या साध्या ध्वनिपट्टीची मर्यादा सुमारे १० किलोहर्ट्झ असते. तीत तगून राहिलेला हा भेद पुढे संकोचनात गमावणे अनिष्ट होय. चित्रासाठीही एफएफव्ही १ सारखी हानिरहित पद्धती वापरावी. असंकोचित चित्रास तासाला सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागते, ती यामुळे बरीच कमी होते. चौकटी गळाल्यास ओठांची हालचाल व उच्चार यांचा मेळ ढळतो, म्हणून गळालेल्या चौकटींची संख्या प्रत्येक वेळी नोंदवावी.

५. उपसंहार

रूपांतराबरोबर माहितीची नोंद न झाल्यास ते अपुरे राहते. फितीवरील गाव, वर्ष, बोलणाऱ्याची जात-बोली व वय ही माहिती घरातील वृद्धांकडूनच मिळू शकते. कार्डावर ओळख लिहिलेली नसली तर क्रमांक चाचपून तो शोधता येतो. आवाजाची ओळख सांगणारा माणूस गेल्यावर असा शोध संभवत नाही. यास्तव विद्यार्थ्याने फीत उचलण्यापूर्वी घरातील माणसांजवळ बसावे, हे या कामातील पहिले पाऊल समजावे.