दंतक्षयाचा सूक्ष्म कारभार
१९२४ साली क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून वेगळा केलेला स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जीवाणू साखरेपासून चिकट थर विणून दातावर ठाण मांडतो, आणि तिच्याच किण्वनातून उपजणाऱ्या आम्लाने, सामू सुमारे ५.५ च्या खाली उतरताच, दाताचे कठीण कवच विरघळू लागते, हे सर्वश्रुतच आहे. परंतु या कारभाराची सूत्रे हलविणारे, बहुधा स्वतः कोणतेही प्रथिन न घडविणारे आखूड आरएनए मला अधिक विस्मयकारक वाटतात. ‘विक-आर’ या नियंत्रक जनुकाचा हुकूम घेऊन निघालेल्या संदेशवाहक आरएनएला त्याचाच पूरक रेणू बिलगतो, आणि हुकुमाची तामिली तेथेच खुंटते. चिनी संशोधकांनी हा पूरक रेणू जीवाणूंत मुबलक निर्माण करविला, तेव्हा चिकट थर रोडावला आणि प्रयोगातील उंदरांच्या दातांची कीडही घटली. जंतूचा संहार न करता केवळ त्याचे उपद्रवसामर्थ्य हरण करण्याचा हा मार्ग मला फार आशादायक वाटतो.