सोदणे, शोधणे, हुडकणे

डिचोली तालुक्यातील मुळगावी हरवलेली वस्तू कोकणीत 'सोदतात'. मराठी ग्रंथांत तीच 'शोधली' जाते. दोहोंचे मूळ संस्कृत 'शुध्', म्हणजे शुद्ध होणे. केरकचरा सारून खरे तेवढे हाती घ्यावे, हा भाव 'संशोधन' शब्दात आजही आहे. कोल्हापूर-बेळगावकडील 'हुडकणे' मात्र कन्नड 'हुडुकु'चे सोयरे. त्याला शुद्धीशी कर्तव्य नाही: चुकार वासरू हुडकतात, सत्य कोणी हुडकीत नाही! परमुलखातील आपल्या घरांत मुले वासरू आणि सत्य दोन्ही 'सर्च' करू लागली आहेत, ही हानी लहान नव्हे. 'धुंडणे' तर देवनामापर्यंत पोहोचले. काशीच्या ढुंढिराज गणेशाचे नाव काशीखंडात शोधण्याच्याच अर्थाने उलगडले आहे. दादासाहेब फाळके यांचे मूळ नावही धुंडिराज.