विसर्गाचे सेकंद

विष्णुपुरीत राहणाऱ्याला ‘क्युसेक’ हा शब्द वेगळा शिकावा लागत नाही. धरणाचे दरवाजे उघडले, की गोदावरीत इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू असल्याचा निरोप फोनवर येतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. नोंदीत मात्र दरवाजा उघडल्याची व मिटल्याची तारीख-वेळ असते. एकूण किती पाणी खाली गेले हे काढायचे, तर आधी तिचे सेकंद करावे लागतात.

सरावासाठी मी एक काल्पनिक नोंद मायएसक्यूएलमध्ये भरली: दरवाजा १ सप्टेंबरला रात्री ११.३० वाजता उघडला, २ तारखेला पहाटे २.१५ ला मिटला. विसर्ग २०,००० क्युसेक. ‘टाइम-टू-सेक’ हे फंक्शन मध्यरात्रीपासूनचे सेकंद देते. मिटण्याचे ८,१००, उघडण्याचे ८४,६००. वजाबाकी उणे ७६,५००. म्हणजे गोदावरी उलटी वाहिली! (पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून मोजतात. साठ घटिका, घटिकेची साठ पळे, पळाचे २४ सेकंद. त्या हिशेबात ही रात्र दुभंगलीच नसती.) उत्तरात ८६,४०० मिळवले की काम भागते, पण दरवाजा दोन रात्री उघडा राहिला तर ही युक्ती मुकाट्याने चुकते.

मग मी तारखेसकट दोन्ही रकाने सरळ वजा केले. उत्तर ७,८८,५००. खरी फसगत इथे आहे. मायएसक्यूएल वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटे, सेकंद एकापुढे एक मांडून चौदा अंकी संख्या करते आणि त्या संख्या वजा करते. तास साठ मिनिटांचा असतो याचे त्या वजाबाकीला भान नाही. उणे उत्तर निदान डोळ्यांत खुपते. हे मात्र भरदार, सेकंदच वाटावेत असे. ते खरे मानले तर पावणेतीन तासांचे नऊ दिवस होतात आणि पाणी जवळपास ऐंशी पट.

‘टाइमस्टँप-डिफ’ला एकक सेकंद सांगून आधी सुरुवात, मग शेवट दिला, तेव्हा ९,९०० आले. गुणिले २०,०००, म्हणजे १९ कोटी ८० लाख घनफूट, सुमारे ५.६ दलघमी.

एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. संगणकाची सेकंदमोजणी १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून धरतात. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. उघडण्याची वेळ एका यंत्राने ग्रीनिचप्रमाणे लिहिली आणि मिटण्याची दुसऱ्याने आपल्या घड्याळाप्रमाणे, तर ९,९०० मध्ये आणखी १९,८०० मिसळतात. म्हणून रकान्याच्या नावातच ‘भारतीय वेळ’ असे लिहायची सवय मी लावून घेतली आहे.