टेक्सोबॅक्टिन : मातीतले प्रतिजैविक

मातीतील सुमारे ९९ टक्के जीवाणू प्रयोगशाळेतील बशीत वाढत नाहीत. त्यामुळे त्यांची प्रतिजैविके दीर्घकाळ अज्ञात राहिली. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या किम लुईस आणि स्लाव्हा एपस्टीन यांच्या गटाने असे जीवाणू वाढवण्यासाठी ‘आयचिप’ नावाची पट्टी वापरली. तिच्या बारीक छिद्रांत साधारण एकेक जीवाणू ठेवतात, दोन्ही बाजूंना अर्धपारगम्य पडदे लावतात आणि ती मातीत पुरतात. पोषक द्रव्ये आत झिरपून जीवाणू वाढतात. अशा सुमारे १०,००० जीवाणूंच्या तपासणीत ‘एलेफ्थेरिया टेरी’ सापडला. त्याच्यापासून मिळालेले टेक्सोबॅक्टिन २०१५ मध्ये जाहीर झाले. ते पेशीभित्तिका घडवणाऱ्या मेदरेणूंना चिकटून तिची बांधणी थांबवते. प्रयोगशाळेत क्षयाचे जीवाणू व एमआरएसए (अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू) त्याने मरतात. ग्रॅम-ऋण जीवाणूंवर मात्र ते फारसे प्रभावी नाही.